बॅटरी उलटी लागलेल्या जुन्या ट्रकसाठी तीन हत्यारं: साधा बल्ब, डीटी-८३० मीटर आणि डीसी क्लॅम्प

बॅटरी बदलताना प्लस-मायनसची अदलाबदल झाली, फाडकन ठिणगी उडाली, केबल घाईघाईने सुलट्या लावल्या आणि आता गाडी ढिम्म आहे. त्याहून त्रासदायक प्रकार म्हणजे सगळं चालतं, पण गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारायला बॅटरीत जीव नसतो. जुन्या डिझेल ट्रकची ही तक्रार ऐकली की अनेक ठिकाणी बॉनेट उघडायच्या आधीच निकाल लागतो: डायनॅमो गेला, बदला. (अल्टरनेटरला आपल्याकडे अजून डायनॅमोच म्हणतात, त्याला इलाज नाही.) मग नवा अल्टरनेटर बसतो, कधी त्याच्यासोबत नवी बॅटरीही बसते, आणि मूळ दोष जळालेल्या मेन वायरमध्ये तसाच राहतो.

हा दोष स्वतः शोधायचा किंवा निदान मिस्त्रीला नेमका दाखवायचा, तर तीन वस्तूंचा विचार होतो: होल्डरमध्ये बसवलेला २१ वॅटचा बल्ब, दोन-अडीचशे रुपयांत मिळणारा डीटी-८३० जातीचा मल्टीमीटर, आणि काही हजारांत जाणारा, वायरीभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर. निकाल आधीच सांगतो. बल्ब हवाच. मीटर त्याच्या जोडीला हवा, पण एकट्या मीटरवर भरवसा ठेवणारा हमखास फसतो. क्लॅम्प चांगला आहे, मात्र एका ट्रकसाठी घेण्यासारखा नाही.

आधी काय जळतं ते

अल्टरनेटरच्या आत किमान सहा मोठे डायोड (करंटला एकाच दिशेने वाट देणारे भाग) असतात, तीन प्लस बाजूला आणि तीन बॉडीकडे. बॅटरी सुलटी असताना ते तिचा करंट अडवून धरतात. बॅटरी उलटी लागली की तेच डायोड सरळ वाट देतात, आणि बॅटरीच्या दोन टोकांमध्ये डायोडांच्या जोड्या आणि एक मेन वायर एवढंच उरतं. शेकडो अँपियर वाहतात. त्यात जो कच्चा असेल तो आधी जातो: फ्यूजिबल लिंक (जास्त करंटला आधी वितळावा म्हणून मेन वायरमध्ये ठेवलेला कच्चा तुकडा) असेल तर लिंक, नसेल तर डायोड, आणि डायोड टिकले तर अल्टरनेटरपासून सेल्फपर्यंतची वायर. जुन्या ट्रकांत लिंक मुळातच नसते, किंवा मागच्या कुणीतरी तिच्या जागी साधी वायर पिळून ठेवलेली असते. त्यामुळे किती नुकसान झालं हे ठिणगी किती मोठी होती यावर ठरत नाही, केबल किती सेकंद टेकून राहिली यावर ठरतं.

काय वाचतं हेही माहीत हवं, म्हणजे उगाच पैसे जात नाहीत. फिलामेंटचे बल्ब, हॉर्न आणि सोलेनॉइडची कॉइल यांना दिशेचं सोयरसुतक नसतं. जुन्या ट्रकचा सेल्फ सीरिज वाइंडिंगचा असेल तर फील्ड आणि आर्मेचर दोन्ही एकदम उलटतात, म्हणून तो उलट्या बॅटरीवरही त्याच दिशेला फिरतो. त्याला काही होत नाही. गरम होऊन टिकटिकणारा जुना फ्लॅशर वाचतो, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बहुधा जातो. टेप, जीपीएस ट्रॅकर, एलईडीच्या पट्ट्या, मोबाइल चार्जर यांचं नशीब त्यांच्या तोंडाशी बसवलेल्या संरक्षक डायोडवर असतं. तो डायोड स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि आतला भाग वाचवतो. पण शॉर्ट झालेला डायोड काढला नाही तर नवा फ्यूजही लगेच उडतो, आणि लोक टेपच फेकून देतात. रिलेचंही असंच: काही रिलेंत कॉइलला आडवा डायोड असतो. तो शॉर्ट झाला की रिले ओढत नाही आणि त्याचा फ्यूज उडत राहतो. कॉइलला डायोडऐवजी रेझिस्टन्स असलेले रिले सुखरूप राहतात.

एक गोष्ट पाहताक्षणी ओळखता येते. सगळे बल्ब शाबूत आणि चार्जिंग गेलेलं असेल तर बॅटरी उलटी लागली होती. बरेच बल्ब एकदम गेले असतील तर १२ व्होल्टच्या गाडीला कुणीतरी २४ व्होल्टच्या ट्रकवरून जंपर दिला होता. ड्रायव्हर काय सांगतो यापेक्षा बल्ब काय सांगतात ते खरं.

२१ वॅटचा बल्ब: आधी हाच घ्या

दुकानात मिळणारा सुईवाला टेस्ट लॅम्प इथे फारसा उपयोगाचा नाही. त्यातला बल्ब लहान असतो, आणि हल्ली बरेचदा त्यात एलईडी असतो. एलईडी इतक्या कमी करंटवर पेटतो की गंजून गेलेल्या जोडातूनही तो छान उजळतो आणि 'करंट येतोय' अशी खोटी ग्वाही देतो. शिवाय सुई वायरच्या आवरणात भोक पाडते. त्यातून पावसाळ्यात पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं आणि सहा महिन्यांनी नवाच दोष जन्माला येतो.

त्यापेक्षा इंडिकेटरचा एक कॉन्टॅक्टवाला २१ वॅटचा बल्ब, त्याचा पत्र्याचा होल्डर, दीड चौरस मिलिमीटरची दोन मीटर वायर आणि दोन दणकट मगर-क्लिप घ्या. सगळं मिळून शे-दीडशे रुपयांत होतं. १२ व्होल्टवर हा बल्ब पावणेदोन अँपियर घेतो, २४ व्होल्टचा घेतला तर साधारण ०.९. दोन्ही व्होल्टेजच्या गाड्या असतील तर दोन्ही बल्ब ठेवा आणि होल्डरवर रंगाने खूण करा. जास्त लोड हवा असेल तेव्हा एक फिलामेंट गेलेला हेडलाइटचा बल्ब कामाला येतो. तो साडेचार-पाच अँपियर घेतो आणि कुठल्याही गॅरेजच्या भंगारात फुकट मिळतो.

वापरायची पद्धत अशी. बॅटरीची मायनस केबल काढा. सुटी झालेली केबल आणि बॅटरीचा मायनस खांब यांच्यामध्ये बल्ब लावा. चावी बंद, सगळे स्विच बंद. आता गाडीत जाणारा प्रत्येक अँपियर या बल्बातून जातो. आत डेड शॉर्ट (प्लसची थेट बॉडीशी गाठ) असला तरी पावणेदोन अँपियरपेक्षा जास्त वाहूच शकत नाही, म्हणून काहीही जळत नाही. नेमकी हीच सोय मीटर देत नाही.

बल्ब पूर्ण प्रखर पेटला तर डेड शॉर्ट आहे. अल्टरनेटरच्या मागची जाड वायर काढा, तिच्या टोकाला टेप गुंडाळून बाजूला ठेवा. बल्ब विझला तर डायोड प्लेट (अल्टरनेटरचे डायोड बसवलेली पट्टी) गेली, शोध संपला. पेटलेलाच राहिला तर सेल्फवरच्या मोठ्या बोल्टपाशी जा आणि तिथल्या वायरी एकेक करून सोडवा. ज्या वायरीला हात लावल्यावर बल्ब विझेल तिच्या पुढे दोष आहे. बहुतेकदा ती डॅशबोर्डकडे जाणारी वायर असते आणि ती चासीच्या कडेला किंवा केबिनच्या पत्र्यातून आत जाते त्या भोकापाशी वितळून टेकलेली असते. तिथला रबरी ग्रॉमेट जुन्या गाडीत कधीच जागेवर नसतो.

बल्ब अर्धवट उजेडात पेटला तर प्रकरण जास्त रंजक आहे. प्लस बाजूचा एकच डायोड शॉर्ट झाला असेल तर बॅटरीचा करंट त्यातून स्टेटरच्या (अल्टरनेटरच्या स्थिर भागाच्या) वाइंडिंगमध्ये, तिथून लहान फील्ड डायोडांतून चार्जिंगचं व्होल्टेज सांभाळणाऱ्या रेग्युलेटरकडे आणि रोटरमध्ये (फिरत्या कॉइलमध्ये) जातो. रोटरचा रेझिस्टन्स सहसा तीन-चार ओहम, म्हणजे बल्ब काढून थेट जोडणी केली की तीन-चार अँपियर रात्रंदिवस वाहणार. तीन अँपियर म्हणजे २४ तासांत ७२ अँपियर-अवर. शंभरची बॅटरी दीड दिवसात संपते, आणि दोष बॅटरीवर ढकलला जातो. याची आणखी एक खूण आहे: चावी बंद असताना डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मंद पेटलेला राहतो. अंधारात पाहा, दिवसा दिसत नाही.

बल्ब अजिबात पेटला नाही तर लगेच खूश होऊ नका. हेडलाइटचा स्विच ओढा. आता बल्ब उजळायला हवा. उजळला नाही तर मेन लाइनच तुटलेली आहे, म्हणजे लिंक उडाली, मेन वायर आतून वितळली किंवा अँमीटरच्या मागचा जोड गेला. लिंक वरून धडधाकट दिसते. तिची दोन टोकं धरून हलकेच ओढा. आतलं तांबं वितळलं असेल तर ती रबरासारखी ताणली जाते.

फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर फ्यूजच्या जागी हाच बल्ब लावा. प्रखर पेटला की त्या सर्किटवरचे प्लग एकेक काढत जा. बल्ब मंद झाला किंवा विझला की गुन्हेगार सापडला. या पद्धतीत एकही फ्यूज वाया जात नाही. जुन्या ट्रकांत दोन्ही टोकं निमुळती असलेले सिरॅमिकचे फ्यूज असतील तर पांढरा ८, लाल १६ आणि निळा २५ अँपियरचा असतो, हे लक्षात ठेवा. पात्याच्या फ्यूजची रंगसंगती वेगळी: लाल १०, निळा १५, पिवळा २०. 'लाल फ्यूज दे' एवढंच सांगून दुकानातून आणलेला फ्यूज म्हणूनच चुकीचा निघू शकतो. सिरॅमिक फ्यूजची टोकं आणि पितळी पट्ट्या पॉलिश पेपरने घासून घ्या. फ्यूज शाबूत असूनही करंट न जाण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

बल्बचा एकच खरा दोष म्हणजे तो तापतो. उघडा बल्ब सीटवर किंवा वायरिंगच्या जुडग्यावर टेकवून विसरू नका.

डीटी-८३०: स्वस्त आहे, खोटं बोलतो, तरी ठेवा

हा पिवळा मीटर कितीतरी कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. डीसी व्होल्टेजसाठी त्याची अचूकता या कामाला पुरेशी आहे. २० व्होल्टच्या रेंजवर तो दोन दशांश स्थळं दाखवतो आणि बॅटरी तपासायला तेवढं पुष्कळ झालं. विश्रांतीत असलेली भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, निम्मी उतरलेली १२.२ च्या आसपास. त्याच्या ९ व्होल्टच्या आतल्या सेलवर मात्र लक्ष ठेवा. सेल उतरला की हे मीटर आकडे वाढवून दाखवतात आणि १२.२ ची बॅटरी १३ ची वाटू लागते. आपोआप बंद व्हायची सोयही नसते, त्यामुळे सेल वारंवार उतरतो. घेताना बझर असलेलाच प्रकार घ्या, या घराण्यातल्या काहींत तो नसतो.

नवी किंवा चार्ज करून आणलेली बॅटरी गाडीला लावायच्या आधी मीटर लावा: लाल लीड प्लसला, काळी मायनसला. आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं तर बॅटरी उलटी चार्ज झालेली आहे. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला जुन्या साध्या चार्जरचे क्लिप उलटे लावले तर असं होतं. मग खांबावर प्लस कोरलेलं असतं आणि आत मायनस असतं. केबल अगदी बरोबर लावूनही डायोड उडतात, आणि चूक कुणाची यावर वाद रंगतो.

आता मीटर कुठे फसवतो ते. त्याचा आतला रेझिस्टन्स सुमारे १० लाख ओहम आहे, म्हणजे तो सर्किटमधून जवळजवळ काहीच करंट मागत नाही. जळून एकच तार शिल्लक राहिलेल्या वायरच्या टोकाला तो १२.३ व्होल्ट दाखवतो. वायर ठीक आहे असं समजून माणूस पुढे जातो आणि हेडलाइटची काच, बल्ब, स्विच सगळं बदलून बसतो. ओहमच्या रेंजचीही तीच गत: सेल्फच्या केबलमधली शेवटची तार शिल्लक असली तरी मीटर लीडच्याच रेझिस्टन्सएवढा आकडा दाखवणार.

उपाय सोपा आहे. त्याच टोकाला बल्ब लावा आणि बल्ब पेटलेला असताना मीटर वाचा. १२.३ वरून १२.० वर आला तर ठीक. ४ वर कोसळला तर मागे कुठेतरी वायर जळालेली किंवा जोड सुटलेला आहे. मग बल्ब पेटता ठेवून मीटरची एक लीड बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी वायरच्या वाटेवरच्या प्रत्येक जोडावर ठेवत पुढे जा. ज्या दोन जोडांमध्ये आकडा एकदम उडी मारतो तिथे टेप उघडा. बॉडी अर्थही असाच तपासा: सेल्फ फिरत असताना बॅटरीचा मायनस खांब आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर काही दिसू नये. प्लसच्या बाजूला बॅटरीपासून सेल्फपर्यंत ०.५ पर्यंत चालतं. उलट्या बॅटरीच्या झटक्यात चासी आणि इंजिन यांच्यातली विणलेली अर्थ पट्टीही कधी कधी जोडापाशी जळते, आणि ती कुणी बघत नाही.

डीटी-८३० चं सर्वांत चांगलं काम डायोडच्या रेंजवर होतं. बॅटरी सोडवा, अल्टरनेटरच्या सगळ्या वायरी काढा, कंडेन्सर लावलेला असेल तर तोही. लाल लीड अल्टरनेटरच्या बॉडीला, काळी जाड बोल्टला. दोन डायोड ओळीने असल्यामुळे चांगल्या प्लेटला ९०० ते ११०० च्या दरम्यान आकडा येतो. लीड उलटवल्या की डावीकडे नुसता १ दिसतो, म्हणजे वाट बंद. दोन्ही बाजूंनी शून्याच्या जवळ आला तर जोडीच्या जोडी शॉर्ट आहे. आणि एका बाजूने ५०० ते ६०० येऊन दुसऱ्या बाजूने १ आला, तर? इथे अनेक जण 'प्लेट चांगली आहे' म्हणून सोडून देतात. आकडा निम्मा आला याचा अर्थ दोनपैकी एक डायोड शॉर्ट आहे आणि दुसराच काय तो जागेवर आहे. वर सांगितलेली रात्रीची गळती बहुतेक इथूनच होते. उघडा पडलेला डायोड मात्र या चाचणीत लपतो, कारण शेजारचे दोन वाट देतात. त्यासाठी प्लेट बाहेर काढून प्रत्येक डायोड स्वतंत्र तपासावा लागतो.

एक काम या मीटरकडून करून घेऊ नका: अल्टरनेटरचा एसी रिपल मोजणं. डायोड गेला की चार्जिंगच्या डीसीवर एसीची लहर चढते आणि अर्ध्या व्होल्टच्या वर गेली की संशय पक्का होतो. पण डीटी-८३० ची सर्वांत लहान एसी रेंज २०० व्होल्टची आहे, आणि तीवर डीसी लावला तरी काहीतरी आकडा उमटतो. तो आकडा निरर्थक असतो. दहा अँपियरच्या भोकाला बहुतेक नगांत फ्यूज नसतो, म्हणून त्यात लीड असताना चुकूनही बॅटरीच्या खांबांना टेकवू नका. लीड इतक्या बारीक असतात की त्या हातातच जळतात. थोडे जास्त पैसे टाकायची तयारी असेल तर जाड सिलिकॉन लीड वेगळ्या घ्या. मीटरपेक्षा त्या महाग पडल्या तरी घ्या. रोजच्या धंद्यासाठी मीटर हवा असेल तर नाशिकच्या रिशभसारख्या नावाजलेल्या कंपनीचा, फ्यूज असलेला नग वेगळ्या दर्जाचा असतो.

डीसी क्लॅम्प: यूटी२१०ई

यूनी-टीचा हा छोटा क्लॅम्प मीटर गळती शोधायला उत्तम आहे. २, २० आणि १०० अशा तीन अँपियर रेंज आहेत. सर्वांत खालच्या रेंजवर १ मिलिअँपियरपर्यंत वाचन दिसतं. मायनस केबलभोवती जबडा अडकवला की काहीही न सोडवता गळती समजते. मग फ्यूज बॉक्समधून निघणाऱ्या वायरी एकेक करून जबड्यात घ्या. ज्या वायरीत आकडा दिसेल तीच धरा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या ट्रकमध्ये सगळं बंद असताना टेप आणि ट्रॅकर मिळून २०-३० मिलिअँपियर समजण्यासारखे आहेत. शंभरच्या वर गेलं तर शोध घ्या. तीन-चार अँपियर दिसले तर सरळ अल्टरनेटरकडे जा.

त्याच्या एसी व्होल्टला २ व्होल्टची रेंज आहे, म्हणजे वर सांगितलेला रिपलही यावर बघता येतो. इंजिन चालू, हेडलाइट चालू, लीड बॅटरीच्या खांबांवर.

उणिवा दोन. पहिली, आकडा तरंगतो. जबडा रिकामा ठेवून, केबलच्या शेजारी त्याच दिशेला धरून झीरोचं बटण दाबा आणि मगच अडकवा. दिशा बदलली की पृथ्वीच्या चुंबकत्वानेही काही मिलिअँपियर इकडेतिकडे होतात. शेवटच्या आकड्यावर भांडण करू नका. दुसरी उणीव मोठी: १०० अँपियरच्या पुढे काही नाही. ट्रकचा सेल्फ काही शे अँपियर ओढतो, तो यावर मोजता येणार नाही. जबडाही लहान, १७ मिलिमीटरचा. बॅटरीच्या खांबावरच्या एका क्लँपला दोन जाड केबल असतील तर त्या एकत्र मावत नाहीत, वेगवेगळ्या मोजून बेरीज करावी लागते.

किंमत सहसा तीन-चार हजारांच्या पुढे असते, म्हणून तीन-चार गाड्या असलेल्या मालकाने किंवा गॅरेजने घ्यावा. एकच ट्रक असेल तर बल्ब आणि डीटी-८३० वर भागतं.

खरेदीतली एक फसगत नेहमी होते. डीटी-२६६ सारखे हजाराच्या आतले क्लॅम्प घरच्या एसी वायरिंगसाठी असतात. ते डीसी अँपियर मोजतच नाहीत. बॅटरीच्या केबलवर लावले की शून्य दाखवतात आणि गळती नाही असा समज होतो. चकतीवर अँपियरच्या अक्षराशेजारी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ आहे का ते बघा. नुसती लाटेची खूण असेल तर परत द्या.

दोष सापडल्यावर घ्यायचे भाग

डायोड प्लेट गेली म्हणून पूर्ण अल्टरनेटर बदलायची गरज क्वचितच असते. लुकास-टीव्हीएसच्या जुन्या अल्टरनेटरची प्लेट वेगळी मिळते. रोटर, स्टेटर आणि बेअरिंग चांगले असतील तर तेवढंच पुरे. प्लेट काढली आहे तर कार्बनही (रोटरला टेकणारे ब्रश) बदला, ते स्वस्त असतात. स्टेटरच्या तारा प्लेटला सोल्डर केलेल्या असतात. २५ वॅटच्या आयर्नने तो जोड नीट वितळत नाही, मिस्त्री तिथेच रेंगाळतो आणि नव्या डायोडला उष्णता पोहोचते. ६० ते १०० वॅटचा आयर्न घ्यायचा आणि काम झटपट उरकायचं. जाड बोल्टखालचे फायबरचे वॉशर आणि बुश आठवणीने परत बसवा. एक जरी राहिला तर बोल्ट बॉडीला टेकतो आणि नवी प्लेट पहिल्याच क्षणी डेड शॉर्ट ठरते. म्हणून दुरुस्तीनंतर बॅटरी थेट जोडायची नाही; मायनसमध्ये बल्ब लावून एकदा बघायचं आणि मगच केबल कसायची.

मेन वायर बदलताना ४५ अँपियरच्या अल्टरनेटरला १० चौरस मिलिमीटरची घ्या, थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) प्रेसने दाबून घ्या, नुसती पिळून बोल्टखाली घालू नका. जळालेल्या वायरला चिकटलेल्या शेजारच्या वायरींचं आवरणही तपासा. ते कडक होऊन तडकत असेल तर जुडग्याचा तेवढा भाग उघडावाच लागतो. लिंकच्या जागी लिंकच किंवा अल्टरनेटरच्या क्षमतेपेक्षा थोडा वरचा पट्टीचा फ्यूज लावा.

चार्जिंग तपासताना इंजिन मध्यम वेगात, हेडलाइट चालू. १३.८ ते १४.४ व्होल्ट बरोबर, २४ च्या गाडीत २७.६ ते २८.८. १२ च्या गाडीत पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, आणि तो नव्या बॅटरीला उकळवून काढेल. इंजिन चालू ठेवून बॅटरीची केबल काढायची आणि गाडी बंद पडते का बघायचं, ही जुनी तपासणी कुणालाही करू देऊ नका. केबल निघते त्या क्षणी अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि वाचलेला रेग्युलेटरही जातो. शिवाय मेकॅनिकल पंपाचं डिझेल इंजिन बॅटरीशिवायही चालतं, त्यामुळे त्यातून काही सिद्धही होत नाही.

पेटीत दोन बॅटऱ्या असतील तर

आधी त्या कशा जोडल्या आहेत ते बघा, लेबल वाचून ठरवू नका. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला गेला असेल तर २४ व्होल्ट. प्लसला प्लस असेल तर १२. चोवीसच्या जोडीत एकच बॅटरी उलटी बसली तर दोघी एकमेकींना रद्द करतात आणि बाहेरच्या खांबांवर शून्याच्या आसपास व्होल्ट येतात. गाडी पूर्ण मृत वाटते, पण सहसा काहीही जळलेलं नसतं. अशा वेळी घाबरून अल्टरनेटर उघडू नका, प्रत्येक बॅटरी सुटी मोजा. पॅरलल जोडीत मात्र एक उलटी लागली तर दोन बॅटऱ्या एकमेकींत शॉर्ट होतात. तिथे ठिणगीवर भागत नाही. चार्जिंगमधून नुकत्याच आलेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन असतो आणि डबा फुटून आम्ल तोंडावर उडू शकतं. चष्मा घाला, मायनस आधी काढा आणि शेवटी लावा.

नवी बॅटरी घेताना जुन्या बॅटरीचा खांबांचा क्रम बघून जा. जपानी पद्धतीच्या नंबरात शेवटी येणारं एल किंवा आर अक्षर तेच सांगतं, आणि चुकीचं अक्षर घेतलं की केबल आडव्या ताणून चुकीच्या खांबावर पोहोचतात. जाड खांबांच्या बॅटरीत प्लसचा खांब वरच्या टोकाला १७.५ मिलिमीटर आणि मायनसचा १५.९ असतो, म्हणजे मायनसचा क्लँप प्लसवर बसायलाच नको. जुन्या ट्रकांत तो हातोड्याने ठोकून रुंद केलेला असतो, म्हणून बसतो. बॅटरीबरोबर पितळी क्लँपची नवी जोडी घ्या आणि दोन्ही क्लँप दुकानातच त्या-त्या खांबावर बसवून बघा. मायनसचा क्लँप प्लसवर सहज उतरत असेल तर जोडी बदलून मागा.